जुन्या, लाखाच्या वर चाललेल्या गाडीचं ट्रान्समिशन ऑईल फ्लश करावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आता लाख-सव्वा लाखाच्या पुढे गेल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं गिअर ऑईल एकदाही बदललेलं नाही. मालकाला एका गॅरेजात सांगतात, "आता हात लावू नका, गिअरबॉक्स बसेल." दुसऱ्या गॅरेजात सांगतात, "मशीन लावून एकदाच फ्लश करून टाका." दोन्ही सल्ले गाडी न तपासता दिलेले असतात. गाडी तपासायची कशी आणि तपासल्यावर करायचं काय, ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

ऑईल बदलल्यामुळे जुना गिअरबॉक्स खराब होतो, हे खरं आहे का?

नव्या, योग्य ग्रेडच्या, योग्य लेव्हलला भरलेल्या ऑईलमुळे धडधाकट गिअरबॉक्स खराब होत नाही, मग गाडी ८०,००० चालली असो की दोन लाख. बिघाड होतो तो तीन-चार ठरावीक कारणांनी: गिअरबॉक्स आधीच शेवटच्या टप्प्यात असतो, ऑईल चुकीचं असतं, लेव्हल चुकते, किंवा बदलण्याची पद्धत जोरजबरदस्तीची असते.

उलट, जुनं ऑईल तसंच ठेवण्याने नक्की नुकसान होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हे ऑईल एकाच वेळी चार कामं करतं. बेअरिंग आणि गिअरना वंगण देतं, उष्णता बाहेर नेतं, वाल्व्ह बॉडीतून (प्रेशर वाटणाऱ्या वाल्व्हच्या भागातून) प्रेशर पोचवतं आणि क्लच प्लेटांना ठरलेल्या पद्धतीने पकडू देतं. यातलं शेवटचं काम त्यातल्या फ्रिक्शन मॉडिफायर नावाच्या रसायनांवर चालतं आणि ती रसायनं उष्णतेने संपतात. डिपस्टिकवर (ऑईल मोजायच्या पट्टीवर) लेव्हल बरोबर दिसते, पण ऑईलचा गुण गेलेला असतो.

मग ऑईल बदलल्यावर आठवड्याभरात गाडी उभी राहिली, असं इतके लोक का सांगतात?

त्यातले बरेच जण खरंच सांगत असतात. पण क्रम नीट पाहायला हवा. गाडी झटके द्यायला लागते, रिव्हर्स उशिरा पडतो, पिकअप कमी होतो, तेव्हा मालक पहिल्यांदा ऑईल बदलायचा विचार करतो. म्हणजे प्लेटा आधीच झिजलेल्या असतात. ऑईल बदललं नसतं तरी ती गाडी महिन्या-दोन महिन्यांत बसणारच होती. दोष मात्र शेवटी केलेल्या कामावर जातो.

दुसरं कारण खुद्द ऑईलमधलं आहे. मॉडिफायर संपलेल्या ऑईलमध्ये प्लेटा जरा खरखरीत, झटक्याने पकडतात. ताज्या ऑईलमध्ये त्या मऊपणे पकडतात. चांगल्या प्लेटेला याचा फायदाच होतो, पण अस्तर जवळजवळ संपलेली प्लेट ताज्या ऑईलमध्ये घसरू लागू शकते. "जुन्या ऑईलमधल्या भुशामुळेच गाडी चालत होती" हे वाक्य गॅरेजांत नेहमी ऐकू येतं. भुसा (प्लेटांच्या झिजेचे कण) प्लेटांना आधार देत नाही. तो वाल्व्ह आणि सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणाऱ्या वाल्व्हमध्ये) जाऊन बसतो आणि त्यांना घासतो.

तिसरं कारण म्हणजे साचलेला थर सुटणं. वर्षानुवर्षं तापलेल्या ऑईलची वार्निशसारखी पुटं आत चढतात. प्रेशरने किंवा तीव्र सॉल्व्हंटने ती एकदम सुटली, तर तुकडे वाल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये अडकतात. मग एखादा वाल्व्ह अर्धवट उघडा राहतो, त्या क्लचला पूर्ण प्रेशर मिळत नाही, क्लच घसरतो आणि जळतो. फ्लशने गिअरबॉक्स गेला असं म्हणण्यात तथ्य असेल, तर ते मुख्यतः इथे आहे.

आणि चौथं कारण सगळ्यात साधं: ग्रेड चुकली किंवा लेव्हल चुकली. आमच्या मते, कामानंतर बिघडलेल्या गाडीत सगळ्यात आधी हेच तपासावं, कारण ते वेळेत सापडलं तर गिअरबॉक्स वाचतो.

'फ्लश' म्हणजे नेमकं काय करतात?

गॅरेजमध्ये या एकाच शब्दाखाली वेगवेगळी कामं खपतात, म्हणून पैसे देण्याआधी विचारून घ्या.

ड्रेन-फिल: खालचा बोल्ट काढून निघेल तेवढं ऑईल काढायचं, तेवढंच नवं भरायचं. एका वेळी साधारण ३० ते ४५ टक्के ऑईल बदलतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग), कूलर आणि पाइपमध्ये राहतं.

मशीनने अदलाबदल: कूलरचा पाइप सोडून मशीन मध्ये जोडतात. गिअरबॉक्सचा स्वतःचा पंप जुनं ऑईल बाहेर टाकतो आणि मशीन तेवढंच नवं आत देतं. प्रेशर नेहमीचंच असतं. ही पद्धत मुळात वाईट नाही.

प्रेशर फ्लश: मशीनचा पंप जोर लावून ऑईल ढकलतो, कधी उलट्या दिशेने. जुन्या गाडीत हे करू देऊ नका.

केमिकल फ्लश: आधी क्लीनर ओतून गाडी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवतात, मग ऑईल काढतात. हेही करू देऊ नका. त्यातला काही भाग कन्व्हर्टरमध्ये राहतोच आणि नव्या ऑईलला पातळ करतो.

मशीन चांगलं की ड्रेन-फिल?

जुन्या, इतिहास माहीत नसलेल्या गाडीसाठी आम्ही टप्प्याटप्प्याने ड्रेन-फिल सुचवतो. हिशेब असा. समजा गिअरबॉक्समध्ये एकूण ७.५ लिटर ऑईल आहे आणि बोल्ट काढल्यावर ३ लिटर निघतं. पहिल्या वेळी ४० टक्के ऑईल नवं होतं. दुसऱ्या वेळी ६४ टक्के, तिसऱ्या वेळी ७८ टक्के, चौथ्या वेळी ८७ टक्के. तीन वेळांत ९ लिटर लागतं. मशीनलाही १० ते १२ लिटर लागतंच, त्यामुळे ऑईलच्या खर्चात फार फरक पडत नाही.

फरक पडतो तो धोक्यात. दोन ड्रेन-फिलमध्ये ५०० ते १,००० किलोमीटरचं अंतर ठेवलं, तर आतला थर हळूहळू सुटतो आणि दर वेळी निघालेल्या ऑईलकडे पाहून पुढचा निर्णय घेता येतो. पहिल्या खेपेला काही वावगं दिसलं तर तिथेच थांबता येतं. मशीनमध्ये ही सोय नाही.

मशीनबद्दल आणखी एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. तेच मशीन सकाळी दुसऱ्या गाडीला लावलेलं असतं आणि त्याच्या नळ्यांत त्या गाडीचं ऑईल शिल्लक असतं. साध्या ऑटोमॅटिकला थोडंफार चालून जाईल. सीव्हीटीला (पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या गिअरबॉक्सला) नाही. होंडासारखी कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिकसाठी फ्लश मशीन वापरू नका, ड्रेन-फिलच पुन्हा पुन्हा करा, असं सांगते.

गाडीचं ऑईल पहिल्यापासून दर ४०-६० हजारांवर बदललेलं असेल आणि त्याची बिलं असतील, तर साध्या अदलाबदलीच्या मशीनला आमची हरकत नाही.

माझ्या गाडीत कुठल्या प्रकारचा गिअरबॉक्स आहे, याने फरक पडतो का?

खूप पडतो. क्लचचं पेडल नाही म्हणजे सगळ्या गाड्या सारख्या, असं नाही.

टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, म्हणजे २००८ ते २०१३ ची होंडा सिटी, जुनी आय-टेन ऑटोमॅटिक, इनोव्हा क्रिस्टा वगैरे. या पानावरचं बहुतेक लिखाण यांना लागू आहे.

सीव्हीटी, म्हणजे २०१४ नंतरची होंडा सिटी ऑटोमॅटिक आणि निस्सानच्या काही गाड्या. इथे स्टीलचा पट्टा दोन पुलींमध्ये धातूवर धातू अशी पकड घेतो आणि ती पकड ऑईलच्या गुणावर ठरते. साधं एटीएफ (साध्या ऑटोमॅटिकचं ट्रान्समिशन ऑईल) भरलं तर पट्टा घसरतो, पुलीच्या पृष्ठभागावर चरे पडतात आणि गिअरबॉक्स संपतो. सीव्हीटीचं ऑईल वेळेवर बदलणं जास्त महत्त्वाचं, आणि मशीनपासून दूर राहणंही.

एएमटी. मारुतीने २०१४ च्या सेलेरिओपासून हा प्रकार घराघरांत नेला. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच आणि गिअर यंत्राने हलवले जातात. यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, त्यामुळे फ्लश हा प्रकारच नाही. एएमटीला कोणी एटीएफ फ्लश करायला सांगत असेल तर तिथून गाडी काढा. यात दोन वेगळी ऑईलं असतात, गिअरबॉक्सचं आणि गिअर हलवणाऱ्या हायड्रॉलिक युनिटचं. ती एकमेकांच्या जागी जात नाहीत.

डबल क्लच. ओल्या, म्हणजे ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचच्या सहा-स्पीड डीएसजीला (फोक्सवॅगनच्या डबल क्लच गिअरबॉक्सला) ६०,००० किलोमीटरवर ऑईल आणि फिल्टर बदलावाच लागतो. पोलो आणि व्हेंटोमधल्या सात-स्पीड डीएसजीचे क्लच कोरडे आहेत. तिथे झटके आले तर कारण बहुतेक ऑईलमध्ये नसतं.

बदलायच्या आधी गाडी कशी तपासायची?

अर्धा तास लागतो आणि यावरच पुढचं सगळं ठरतं.

पहिली तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना. गाडी सुरू करा, आरपीएम खाली बसू द्या, ब्रेक दाबून P मधून R मध्ये आणि मग D मध्ये टाका. दोन्ही वेळा एक-दीड सेकंदात हलकी पकड जाणवली पाहिजे. तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धाडकन बसतो, तर प्रेशरची किंवा क्लचची तक्रार आहे. रिव्हर्स आधी बिघडलेला बऱ्याचदा दिसतो, म्हणून तो मुद्दाम पाहा.

दुसरी तपासणी अर्धा-पाऊण तास चालवल्यावर. रस्ता मोकळा असताना ६० च्या वेगाने स्थिर चाला आणि ॲक्सिलरेटर हलकेच वाढवा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग तेवढाच राहिला, म्हणजे गाडी स्लिप होते. नागपूर सपाट आहे, त्यामुळे शहरात चढ मिळत नाही. वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाची किंवा सदरच्या उड्डाणपुलाची चढण या कामाला पुरते. काही गाड्या थंड असताना उत्तम चालतात आणि तापल्यावर स्लिप होतात, म्हणून थंड गाडीवर निर्णय घेऊ नका.

तिसरी गोष्ट, स्कॅनर लावून ट्रान्समिशनचे कोड वाचून घ्या. डॅशबोर्डवर दिवा नसला तरी साठवलेला कोड असू शकतो.

दोन्ही पायांनी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबून करायची स्टॉल टेस्ट जुन्या गाडीत घरी करू नका. काही सेकंदांत ऑईल भयंकर तापतं.

डिपस्टिक कशी बघायची? ऑईल काळं दिसलं तर?

बहुतेक गाड्यांत गाडी सपाट जागी, ऑईल तापलेलं, इंजिन चालू आणि गिअर P मध्ये ठेवून बघतात. जुन्या होंडा ऑटोमॅटिकमध्ये इंजिन तापवून बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचं. हा फरक न कळल्यामुळे होंडामध्ये लेव्हल चुकलेली पुष्कळदा आढळते. डिपस्टिक काढण्याआधी आजूबाजूची धूळ पुसा. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत जातात. धागे न सुटणारं कापड घ्या.

एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि अर्धा तास ठेवा. नवं एटीएफ बहुधा लाल असतं. सीव्हीटीचं हिरवट, निळसर किंवा पिवळट असू शकतं, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. डाग तपकिरी असला तरी सारखा पसरला, तर ऑईल जुनं आहे एवढंच. मध्यभागी काळा ठिपका तसाच राहिला, बोटांत चोळल्यावर कचकच लागली आणि जळका वास आला, तर प्लेटा जळत आल्या आहेत. ऑईल गुलाबी दुधासारखं दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

गाडी आधीच स्लिप होते. ऑईल बदलून सुधारेल का?

जळालेली प्लेट ऑईलने परत येत नाही.

पण स्लिप होण्याचं कारण कधी कधी नुसती कमी लेव्हल असते. ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून किंवा कूलरच्या पाइपच्या जोडातून अर्धा-पाऊण लिटर गळालं, तर पंप हवा ओढतो आणि वळणावर, चढावर गाडी सुटते. आधी लेव्हल बघा आणि गळती शोधा. लेव्हल बरोबर आहे, ऑईल जळकं नाही आणि फक्त एका ठरावीक गिअरला झटका येतो, तर सोलेनॉइड किंवा वाल्व्ह बॉडीची शक्यता असते. तिथे एक ड्रेन-फिल करून बघण्यात अर्थ आहे. लेव्हल बरोबर, ऑईल काळं-जळकं आणि स्लिप दोन-तीन गिअरमध्ये, तर ऑईलवर पैसे घालवू नका. ते दुरुस्तीसाठी ठेवा.

कंपनी 'लाइफटाइम' ऑईल म्हणते. मग बदलायचंच कशाला?

'लाइफटाइम' म्हणजे किती वर्षं आणि किती किलोमीटर, हे त्या शब्दात कुठेच लिहिलेलं नसतं. अनेक महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑईल बदलायला सांगते. त्याच गिअरबॉक्सवर गाडीवाले 'लाइफटाइम' लिहितात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत (मॅन्युअलमध्ये) 'कठीण परिस्थिती' असा वेगळा तक्ता असतो. त्यात अति उष्ण हवा, सतत थांबा-निघा आणि कमी अंतराच्या फेऱ्या हे सगळं येतं. नागपूरची गाडी त्याच तक्त्यात मोडते.

नागपूरच्या उन्हाचा गिअरबॉक्सवर खरंच परिणाम होतो का?

होतो. ऑईलचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, हा वंगणशास्त्रातला जुना ठोकताळा आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो आणि डांबरावरची हवा त्याहून गरम. कूलरला थंड करायला हवाच गरम मिळते. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) इतवारी किंवा गांधीबागेच्या गर्दीत एसी लावून अर्धा तास सरकणारी गाडी ऑईलचं सर्वाधिक हाल करते, कारण कमी वेगात टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही (इंजिनाशी घट्ट जोडला जात नाही) आणि आतलं ऑईल सतत घुसळून तापतं. समृद्धी महामार्गावर १००-११० ने स्थिर धावणाऱ्या गाडीत कन्व्हर्टर लॉक असतो आणि कूलरवर वाराही भरपूर. म्हणूनच शहरातल्या ६०,००० किलोमीटरचं ऑईल हायवेच्या लाखभर किलोमीटरच्या ऑईलपेक्षा वाईट निघू शकतं.

आमचा सल्ला: शहरात चालणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टर गाडीला दर ४०,००० किलोमीटर किंवा चार वर्षं, सीव्हीटीलाही तेवढंच किंवा थोडं आधी. पचमढी, चिखलदऱ्याच्या घाटांत वारंवार भरून जाणारी गाडी असेल तर अजून आधी.

आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. अनेक गाड्यांत गिअर ऑईलचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. क्षारांनी तो चोंदतो, गंजतो आणि फुटला तर कूलंट थेट गिअरबॉक्समध्ये जातं.

ड्रेन-फिल नीट कसं करतात? गॅरेजात उभं राहून काय बघायचं?

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, मग अर्धा तास थांबा. ऑईल कोमट हवं, उकळतं नको. ८०-९० अंशांचं ऑईल हातावर आलं तर गंभीर भाजतं. गाडी रॅम्पवर किंवा चारही बाजूंनी घोड्यांवर (स्टँडवर), पूर्ण समतल हवी. नुसतं पुढून जॅकवर उचललेल्या गाडीत लेव्हल बरोबर येत नाही.

आधी भरायचा बोल्ट सैल करून बघायचा आणि नंतरच खालचा काढायचा. भरायचा बोल्ट गंजून अडकला असेल आणि खालून ऑईल निघून गेलं असेल, तर गाडी तिथेच अडकते. होंडाच्या ड्रेन बोल्टमध्ये चौकोनी खाच असते. त्यात ३/८ इंचाचा रॅचेट थेट बसतो, पाना लागत नाही. ऑईल खुणा असलेल्या डब्यात घ्यायचं म्हणजे किती निघालं ते मोजता येतं. बोल्टचा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा हवा. तो एकदाच दबण्यासाठी बनलेला असतो. जुनाच लावला तर ठिबकतो आणि मग मिस्त्री बोल्ट आवळत सुटतो. शेवटी ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जातात. होंडाच्या या बोल्टला ४९ न्यूटन मीटर पुरतं.

चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑईलचं भांडं) उघडून फिल्टर बदलता येत असेल तर पहिल्या खेपेलाच बदला. यात एक चूक वारंवार होते. जुन्या फिल्टरची ओ-रिंग वर भोकातच चिकटून राहते आणि तिच्यावरच नवी रिंगवाला फिल्टर ठोकून बसवला जातो. तो नीट बसत नाही, पंप हवा ओढतो आणि दोन दिवसांत गाडी ओरडायला लागते. जुनी रिंग हातात घेऊन दाखवायला सांगा. चेंबरचे छोटे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, हलक्या हाताने आवळायचे. जास्त आवळले तर पत्र्याचा काठ वाकतो आणि पॅकिंग बाहेर येतं.

जेवढं निघालं तेवढंच भरायचं, पण दोन्ही एकाच तापमानाला मोजून. तीन लिटर ऑईल ८० अंशांवरून ३० वर आलं की सुमारे १०० मिली आकसतं. गरम मापाने थंड ऑईल भरलं तर तेवढं जास्त होतं. बारीक नळीचं, जाळीवालं फनेल वापरा. मग इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून, प्रत्येक गिअरवर तीन-चार सेकंद थांबत लिव्हर दोनदा फिरवायचा आणि नंतरच लेव्हल बघायची. डिपस्टिक नसलेल्या गाडीत ओव्हरफ्लो बोल्ट उघडून, ऑईलचं तापमान स्कॅनरवर बघत लेव्हल लावतात. ते तापमान मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत ४० अंशांच्या आसपास. स्कॅनर नाही आणि "अंदाज आहे" असं कोणी म्हणत असेल, तर ती गाडी तिथे देऊ नका.

लेव्हल कमी राहिली तर पंप हवा ओढतो. जास्त झाली तर फिरते भाग ऑईल घुसळून फेस करतात आणि फेसाने प्रेशर बनत नाही. दोन्हीचा शेवट स्लिपमध्येच होतो.

ड्रेन बोल्टच्या किंवा चेंबरमधल्या मॅग्नेटवर काळा लगदा दिसला. घाबरायचं का?

बोटाला लोण्यासारखा गुळगुळीत लागणारा राखाडी-काळा लगदा हा वर्षानुवर्षांच्या नेहमीच्या झिजेचा आहे. पुसून टाका. टोचणारे चकचकीत तुकडे, पितळी रंगाचे कण किंवा काळ्या खवल्यांचा थर दिसला तर बुशिंग, बेअरिंग किंवा प्लेटा जात आहेत. तसं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचं ऑईल विकत घेऊ नका.

कोणतं ऑईल घ्यायचं?

मॅन्युअलमध्ये किंवा डिपस्टिकवर लिहिलेलं. ह्युंदाईचं एसपी-३ आणि एसपी-४ वेगळं आहे. टोयोटाचं टी-४ आणि डब्ल्यूएस एकमेकांत मिसळायचं नाही. होंडाच्या जुन्या झेड-१ च्या जागी आता डीडब्ल्यू-१ चालतं, पण २०१४ नंतरच्या सिटी सीव्हीटीला एचसीएफ-२ च लागतं. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं डब्यावर लिहिलेलं ऑईल साध्या ऑटोमॅटिकला एखाद वेळ चालेल, सीव्हीटीला आम्ही ते कधीच सुचवत नाही. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडला पाहिजे आणि रिकामे डबे मोजून घेतले पाहिजेत. ड्रममधून मगाने काढलेलं ऑईल नको.

रॉकेल किंवा डिझेल टाकून आतून धुवून घेतलं तर?

अजिबात नको. रॉकेल कन्व्हर्टरमधून पूर्ण निघत नाही, रबरी सील फुगवतं आणि उरलेलं ऑईल पातळ करतं.

ऑईल बदलल्यावर दोन-तीन दिवस गिअर वेगळे पडताहेत. हे नॉर्मल आहे का?

थोडा फरक नॉर्मल आहे. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर जुन्या ऑईलच्या पकडीनुसार प्रेशर जुळवून बसलेला असतो. त्याला नव्याशी जुळवून घ्यायला १००-२०० किलोमीटर लागू शकतात. शहर आणि हायवे असं दोन्ही शांतपणे चालवा. काही गाड्यांत स्कॅनरने जुनी नोंद पुसता येते. फरक कमी होत जायला हवा. वाढत गेला, गुणगुण आवाज आला किंवा जळका वास आला तर लगेच थांबून लेव्हल पुन्हा तपासा. तशीच गाडी आठवडाभर चालवली तर प्लेटा जळतात.

गाडी पाण्यात बुडाली होती. आता काय?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा शेकडो गाड्या पाण्यात उभ्या होत्या. गिअरबॉक्सला वरून एक ब्रीदर असतो, छोटी हवेची नळी. पाणी त्याच्या वर गेलं की आत शिरतं. पाणी प्लेटांच्या अस्तराचा गोंद सोडवतं आणि बेअरिंगला गंज आणतं.

अशा गाडीचं इंजिनसुद्धा सुरू करू नका, टो करून न्या. इथे मात्र टप्प्याटप्प्याने जाणं चुकीचं आहे. ऑईल स्वच्छ दिसेपर्यंत लागोपाठ ड्रेन-फिल करावं लागतं आणि फिल्टरही बदलावा लागतो. रेडिएटरमधून कूलंट आत गेलं असेल तरीही हेच, आणि त्याआधी रेडिएटर बदलायचा. पाणी आत राहून महिने उलटले असतील तर गिअरबॉक्स उघडल्याशिवाय खात्री देता येत नाही.

सेकंडहँड गाडी बघताना, पाटी एमएच-३१ असो की एमएच-४९, गिअर ऑईलचा थेंब कागदावर टाकून बघा आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या हातभर भागावर चिखलाची रेघ आहे का ते पाहा. गॅरेजने सीट आणि कार्पेट धुतलेलं असतं. बेल्टचं ते टोक बहुतेक वेळा तसंच राहतं.

माझी गाडी मॅन्युअल आहे. मलाही हे करावं लागेल का?

फ्लश नाही, फक्त ऑईल बदलणं. टॉर्क कन्व्हर्टर नसल्यामुळे बोल्ट काढला की जवळजवळ सगळं ऑईल निघतं. छोट्या गाड्यांत ते दोन ते अडीच लिटर असतं. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जीएल-४ (गिअर ऑईलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-५ भरू नका. त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंग (गिअर अलगद पडू देणाऱ्या रिंगा) खाऊ शकतात आणि मग दुसरा-तिसरा गिअर अडायला लागतो. लेव्हल म्हणजे भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत.

निघालेलं ऑईल कुठे टाकायचं?

वापरलेलं ऑईल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. नालीत ओतलेलं ऑईल शेवटी नाग नदीतच जातं. ज्या डब्यातून नवं आलं त्यातच भरून, झाकण घट्ट लावून, वापरलेलं ऑईल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडे किंवा सर्व्हिस सेंटरकडे द्या. पहिल्या खेपेच्या ऑईलची छोटी बाटली मात्र तारीख आणि किलोमीटर लिहून महिनाभर जपून ठेवा. नंतर काही तक्रार आली तर कारण शोधायला तीच उपयोगी पडते.